प्रतिक्रियेला उत्तर: भूप, आयोवा आणि ब्रह्मगिरी

नमस्कार. चेक संगीतकार द्वोर्झाकने अमेरिकेतल्या आयोवा राज्यात लिहिलेल्या ‘अमेरिकन’ क्वार्टेटवरच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेवरच्या, माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात. ‘सुरुवातीची धून सरळ भूप आहे, त्यात आयोवाचं गवताळ रान कुठून आलं? माहिती वाचून मग ऐकलंत म्हणून रान दिसलं. आणि निसर्गच हवा तर नाशिकला बसून ब्रह्मगिरी सोडून आयोवा कशाला?’

सूर भूपाचेच आहेत, वादच नाही. सा रे ग प ध हे पाच सूर स्कॉटलंडच्या लोकगीतांतही सापडतात. पण रान सुरांत नाहीच, ते मांडणीत आहे. चेलो खाली षड्ज धरून बसतो, वर दोन्ही व्हायोलिनं नुसती थरथरतात आणि धून येते ती व्हायोलाकडून, एरवी मागे बसणाऱ्या वाद्याकडून. भूप गाणारा असा अवकाश आधी उघडून मग सूर लावत नाही. तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनवर तारसप्तकात पक्षी बोलतो, तो तर द्वोर्झाकने आयोवातच ऐकलेला. टॅनेजर की व्हिरिओ, यावर पक्षीवाले अजून भांडताहेत.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धुना त्याने उचलल्या, असं छातीठोकपणे सांगणारेही आहेत. मला ते पटत नाही. 5 जून 1893 ला तो आयोवातल्या स्पिलव्हिल गावी पोचला, 8 ला लिहायला बसला आणि 23 ला क्वार्टेट पूर्ण. औषधं विकणाऱ्या एका फिरत्या जथ्यातल्या मूळ रहिवाशांची गाणी त्याने त्या उन्हाळ्यात ऐकली खरी, पण त्यावरून उचलेगिरी सिद्ध होत नाही.

माझा मुद्दा वेगळा होता, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाही. द्वोर्झाकला तो मुलूख रानटी आणि भयंकर उदास वाटला, मैलोन् मैल माणूस नाही. पण तो ओसाड मुळात नव्हता, केला गेला होता. विस्कॉन्सिनमधून हुसकावलेल्या हो-चंक या मूळ रहिवासी लोकांना याच पट्ट्यात आणून ठेवलं, त्यांच्यावर नजर ठेवायला 1840 मध्ये स्पिलव्हिलजवळ फोर्ट ॲटकिन्सन हा लष्करी किल्ला बांधायला घेतला, आणि 1848 मध्ये त्यांना तिथूनही उठवून मिनेसोटाला पाठवलं. नंतर नांगर आले, चेक शेतकरी आले. द्वोर्झाकला गावात आपली भाषा, आपलं चर्च सापडलं ते त्यामुळे. क्वार्टेट यातलं काही सांगत नाही. पण हे ठाऊक झाल्यावर दुसऱ्या भागातली उदासी मला निव्वळ घरच्या आठवणीची वाटेनाशी झाली. याला तुम्ही ‘वाचून ऐकणं’ म्हणता. म्हणा. बंदिशीचे शब्द कळल्यावर ती वेगळी लागते, तेही वाचून ऐकणंच ना?

राहता राहिला ब्रह्मगिरी. त्याच 1848 साली राघोजी भांगरेंना ठाण्यात फाशी झाली. नाशिक-नगरच्या या डोंगरांवर महादेव कोळ्यांनी केलेल्या उठावांचे ते नायक. आपले डोंगरही नुसते ‘निसर्ग’ नाहीत. त्यांच्यावर कुणी क्वार्टेट लिहिलं आणि कुसुमाग्रज स्मारकात वाजवलं, तर पहिल्या रांगेत मी असेन. तोवर आयोवा चालवून घ्या.