लाभांश कापला, कर्ज फिरवलं, म्हणून लगेच पळायचं?

‘कंपनीने लाभांश (नफ्यातला भागधारकांचा वाटा) कमी केला किंवा जुनं कर्ज फेडायला नवं काढलं, की तिजोरी रिकामी झाली समजा आणि शेअर विकून मोकळे व्हा. लाभांश न चुकता देणारी कंपनीच खरी.’ निकालांचा हंगाम आला की हा संदेश फिरू लागतो. पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. दावे मात्र तीन आहेत, आणि तिन्ही लंगडे.

लाभांश कापला म्हणजे पैसा संपला? एप्रिल २०२० मध्ये शेल या तेल कंपनीने शेअरमागचा तिमाही लाभांश ४७ सेंटांवरून १६ वर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ही पहिलीच कपात. शेअर त्या दिवशी जोरात आपटला. पण तेलाचे भाव कोसळलेले असताना रोकड वाचवायची म्हणून ती केली होती, आणि सहा महिन्यांनी लाभांश थोडा वाढवलाही. उलट अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने २०१७ मध्ये २४ चे १२ सेंट केले आणि वर्षभरात १२ चा एक. पहिल्या कपातीच्या वेळी ‘आता सावरलं’ असं ज्यांना वाटलं होतं, त्यांचा विश्वास दुसऱ्या कपातीने उडाला. कापायचंच तर एकदाच खोल कापावं, असं माझं मत.

न चुकता लाभांश देणारी कंपनी भक्कम? ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेने जुलै २००७ मध्ये अंतरिम (वर्ष संपण्याआधीच दिला जाणारा) लाभांश ३० टक्क्यांनी वाढवला. सप्टेंबरमध्ये तिच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. गृहकर्जं लांब मुदतीची, त्यांसाठी उचललेला बराचसा पैसा बाजारातला, आणि तो बाजारच आटला. लाभांशाकडे बघत बसलेल्याला यातलं काहीही दिसलं नसतं.

आता कर्ज फिरवण्याचं. इथे संदेश लिहिणाऱ्याने घरखर्चाचा हिशेब कंपनीला लावलाय. कारखाना चालतो पंचवीस वर्षं, रोखे, म्हणजे कंपनीने बाजारातून कर्ज उचलायला काढलेले कागद, असतात पाच-सात वर्षांचे. मुदत संपली की नवे रोखे काढून जुने फेडायचे, हा नेहमीचा व्यवहार आहे आणि कर्ज देणाराही ते धरूनच चालतो. बघायचं ते दराकडे. समजा, कर्ज १,००० कोटी, व्याज ७ टक्के आणि व्याजाआधीचा नफा १४० कोटी. व्याजाचे ७० कोटी दुप्पट नफ्याने झाकले जातात. तेच कर्ज १० टक्क्यांनी फिरवलं तर व्याज १०० कोटी. धंदा तसाच, ताळेबंदावर कर्जही तेवढंच, पण दुपटीचं संरक्षण १.४ पटीवर आलं. बऱ्याचदा लाभांशाला कात्री लागते ती इथूनच, आणि गुंतवणूकदार कात्रीला दोष देत बसतात.

म्हणून वार्षिक अहवालात मी आधी एका वर्षात फेडायचं कर्ज किती ते बघतो, मग हाताशी रोकड आणि बँकांनी मंजूर केलेल्या कर्जाची न वापरलेली मर्यादा किती. मुदत संपायच्या वर्षभर आधीच कर्ज फिरवलं असेल तर निश्चिंत. शेवटच्या आठवड्यात, जेमतेम सहा महिन्यांसाठी, थकलेलं व्याज मुद्दलात घालून आणि वर प्रवर्तकांचे शेअर तारण ठेवून ‘नूतनीकरण’ झालं असेल, तर मात्र संदेशाची वाट न बघता मीही विकतो.