शाळेचं लाइट बिल कोण भरतं, माहितीये?

आज एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसलेले दूरचे एक काका म्हणाले, "झेडपीच्या मास्तरांना एवढाले पगार. शाळेसाठी चार पैसे पदरचे घातले तर काय बिघडलं?" दुसऱ्याच्या कार्यात तोंड उघडलं नाही. इथे उघडतो.

माझी बायको झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. मुख्याध्यापकाचा प्रभारही तिच्याकडेच. मागे एकदा बिल थकलं म्हणून वायरमन शाळेची वीज तोडायला आला. पोरगा त्याच शाळेत शिकलेला. आधी हिच्या पाया पडला, मग म्हणाला, "मॅडम, वरून यादी आलीय हो." आणि चढला खांबावर. तो वर असतानाच हिने मोबाइलवरून बिल भरलं. तो तसाच खाली उतरला. ते पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. काका, घातले की पदरचे!

आता हिशेब ऐका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वरखर्चासाठी संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ झाला की २५,०००. हिच्या शाळेचा पट २८. पोरं तीन कमी म्हणून पत्रा कमी गळतो का? त्या दहा हजारांतले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वीज, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती. फिनेलपासून झेरॉक्सपर्यंत सगळ्याचे भाव वाढले, हे दहा हजार मात्र जागचे हलत नाहीत. आणि तेही हातात पडतात वर्ष संपत आल्यावर. मग मार्चएंडला "खर्च करा, खर्च करा" म्हणून ग्रुपवर मेसेजचा भडिमार. बिल मात्र दर महिन्याला येतं.

पोषण आहाराचं तेच. २०२५ च्या मेपासून पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं यातच. एवढ्यात स्टँडवर कटिंगसुद्धा येत नाही. अंड्याला सरकारने २०२५ च्या जानेवारीत वेगळे पैसे देणं बंद केलं, हवं तर लोकसहभागातून करा म्हणे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना महिन्याला २,५०० रुपये मानधन, तेही कधी वेळेवर नाही. संताप येतो हो.

हो, शाळेत न फिरकणारे मास्तर आहेत. मान्य. शिक्षणावरचा बराचसा सरकारी खर्च पगारातच जातो, तेही मान्य. पण म्हणून शाळा चालवायचा खर्च त्याच पगारातून काढायचा? उद्या तहसील कचेरीचं लाइट बिल तहसीलदाराला भरायला सांगाल? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं होतं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला. तेव्हापासून कितीतरी जाहीरनाम्यांत ते ६ टक्के येऊन गेले. असो.

गावाला नावं ठेवणार नाही. हातावर पोट असलेल्यांनीही पन्नास-शंभर दिले, वर्गणीतून टीव्ही घेऊन दिला. त्या दिवशी खांबावर चढलेल्या पोरानेही दिले होते. पोरं त्या टीव्हीवर कविता बघतात तेव्हा बरं वाटतं. पण टीव्ही दिला की त्यावर "सप्रेम भेट" लिहिता येतं. लाइट बिलावर कुणाचं नाव घालणार? म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही, आणि ते हिच्या मोबाइलवरून जातं. मी विचारलं की म्हणते, "जाऊ द्या हो, पोरं घामाघूम होतात." यावर मी काय बोलणार?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेचं लाइट बिल ग्रामपंचायतीने भरावं हा विषय मी लेखी देणार आहे. गावातले जे कोणी हे वाचताय, त्यांनी हात वर करायला या. काका, तुम्हीही या. तुमची नात तिसरीत आहे ना तिथेच?