पूर आल्यावर बघू: मांजर, मोत्या आणि मिठूच्या मालकांसाठी

नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापुरात पूर कसला यायचा, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी लांबोटीच्या पुलाशी चढलं आणि पुण्याचा हायवे बंद पडला, ते सीनेचं घरगुती प्रकरण होतं. तेव्हा मुक्या जिवांच्या तयारीची घाई नको.

सुरुवात मांजरीपासून. तिचा पिंजरा माळ्यावर, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीमागेच राहू द्या. वर्षातून एकदा, लसीच्या दिवशीच खाली काढा. पिंजरा दिसला की सुई, हे तिच्या डोक्यात पक्कं बसतं. काही हौशी लोक पिंजरा दोन-तीन आठवडे दार उघडं टाकून हॉलमध्येच ठेवतात, जेवणाची वाटी रोज थोडी थोडी आत सरकवतात आणि मांजर आपणहून आत झोपायला लागली की दार मिनिटभर लावून बघतात. अशांची मांजर बिनबोभाट घराबाहेर पडते. मग गल्लीने बघायचं काय?

तुम्ही रात्री भोंग्यावरून 'घरं सोडा' ऐकू आल्यावरच तिच्या मागे लागा. खोलीची दारं-खिडक्या आधी लावून घेऊ नका, तिलाही संधी मिळाली पाहिजे. ती दिवाणाखाली भिंतीला चिकटून बसेल. तिथं उघडा हात घाला. जाड चादर अंगावर टाकून चारही पाय आत गुंडाळायचे, पिंजरा नसेल तर सुती अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, असं कुणी सुचवलंच तर सांगा, सोलापुरी चादर पाहुण्यांसाठी काढून ठेवलीय.

मोत्याचं सोपं आहे. राखणीला म्हणून साखळीनं बांधून निघा. साखळी चार फूट, पाणी पाच फूट, हे गणित त्याचं त्यानं बघावं. न्यायचाच असेल तर गळ्यातला पट्टा चांगला सैल ठेवा. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत म्हणतात, तुमच्याकडे अख्खी मूठ जाऊ द्या. घाबरलेलं कुत्रं मागं रेटा देऊन डोकं अलगद सोडवून घेतं. पट्ट्यावर फोन नंबर नको, त्याला काय फोन येणार?

वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर तरी पाणी लागतं, उन्हात जास्तच. पण चौफेर पाणीच पाणी असताना कॅन कशाला? पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. त्याची लस पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं. म्हणून डॉक्टरकडे पाणी उंबऱ्याशी आल्यावर जा. रेबीजचं कार्ड कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पहिलं तेच भिजेल. १९६२ हा जनावरांच्या डॉक्टरचा नंबर आत्ता सेव्ह करू नका, पुरात नेटवर्क फुल्ल असतं.

शिदोरी मात्र अस्सल आपली. कडक भाकरी टिकते, ते ठीक. सोबत शेंगा चटणी द्या, तिच्यातला लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वर मूठभर पंढरपुरी बेदाणे, म्हणजे मोत्याच्या मूत्रपिंडांचंही बघायला नको.

मिठूला विसरू नका. हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून त्याचा पिंजरा उतरवून घ्यायला बोटीवरच्या सरकारी माणसालाच हाक मारा.

आता राहिला प्रश्न जायचं कुठं. जुळे सोलापुरातल्या आतेभावाला 'कुत्रं चालेल का' असं आधी फोन करून विचारू नका. रात्री दोन वाजता, चिखलानं माखलेल्या मोत्याला धरून दारात उभे राहा आणि मग विचारा. दादा 'नाही' म्हणणार नाहीत. वहिनींचं सांगता येत नाही.