नेट झाल्यानंतरची वर्षे

घरातल्या शिकणाऱ्या पहिल्या पिढीतून इतिहासाचे प्राध्यापक झालेल्या गृहस्थांच्या प्रवासावरील लेख मनाला भिडला. मात्र ‘नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाले की वाट मोकळी होते’ हे त्यातील विधान मला मान्य नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते, १९८२ च्या संपात त्यांचे काम गेले, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. नेट झाल्यावर मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन घेतलेल्या तासांपुरतेच, तेही महिनोन्महिने रखडणारे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच हाती येत नसे. घरात दुसरी मिळकत असेल तर हा काळ निभावतो. मला शिकवण्या घेत पीएच.डी. पूर्ण करावी लागली.

आणखी एक गोष्ट लेखातून निसटली आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आहे, तेथील कागद पाहण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि जुन्या मराठी कागदांसाठी मोडी लिपी यावी लागते, हे आमच्यासारख्यांना घरी सांगणारे कोणी नसते. मला ते एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी एका ग्रंथपाल बाईंनी सांगितले, आणि पहिल्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर तिथवर आल्या.