पेपर मोजायच्या आधी तास मोजा

मराठवाड्यातले प्राध्यापक संशोधन करत नाहीत, सातव्या वेतन आयोगाचा पगार उचलतात आणि वर्षाला एक संशोधनाचा पेपर पण येत नाही, हे हल्ली गावाकडं फोन केला की कोणी ना कोणी ऐकवतंच, आणि त्याला जोडून "तिकडं जर्मनीत बघ". मी इथं जर्मनीतच एका विद्यापीठात काम करतो, म्हणून इथलं सांगतो.

इथल्या विद्यापीठातल्या प्रोफेसरला आठवड्याला साधारण 8-9 तास शिकवायचं असतं, हाताशी लॅब, टेक्निशियन, पीएचडीची पोरं, मग त्याच्याकडून पेपर मागणं बरोबरच आहे. पण इथं दुसरी पण संस्था असते, फाखहोखशूल म्हणतात, प्रॅक्टिकल शिक्षणाची, तिथं 18 तास शिकवावं लागतं आणि तिथल्या माणसामागं पेपरचा तेवढा तगादा नसतो.

आता आपल्याकडं बघा. युजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला 16 तास, वरून जागा रिकाम्या म्हणून दुसऱ्याचे वर्ग, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, उत्तरपत्रिका तपासणी, निवडणुकीची ड्यूटी. काम फाखहोखशूलचं आणि हिशोब विद्यापीठाचा, हे कसं चालायचं?

2010 ला युजीसीनं एपीआय, म्हणजे भरती-प्रमोशनसाठी गुण मोजायची पद्धत आणली, प्रत्येक पेपरला गुण. त्याच वर्षी इथल्या डीएफजीनं, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या सगळ्यात मोठ्या संस्थेनं, उलटा नियम केला की अर्जात स्वतःचे जास्तीत जास्त 5च महत्त्वाचे पेपर द्या, लांबलचक यादी नको. आपल्याकडं काय झालं सगळ्यांना माहितीये, पैसे घेऊन आठ दिवसात छापून देणारी जर्नल्स आली, 2018 मध्ये युजीसीलाच आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून 4,305 जर्नल्स काढावी लागली, 2025 मध्ये तर नंतर आणलेली केअर नावाची यादीच बंद केली.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो तासिका तत्त्वावरच्या पोरांचा. नेट परीक्षा झाली, पीएचडी झाली, तरी तासाचे पैसे, ते पण कधी येतील सांगता येत नाही, आणि भरतीच्या शॉर्टलिस्टिंगच्या तक्त्यात एका पेपरला 2 गुण. उधारी करून पेपर छापणाऱ्या पोराला मी तरी चोर म्हणणार नाही.

इथं सगळं गोड आहे असं पण नाही. पीएचडीच्या आधी 6 आणि नंतर 6 वर्षं करारावर काढायची आणि मग पर्मनंट जागा नसली तर घरी, यावर 2021 मध्ये इथले संशोधक लई भडकले होते, आणि ते पण पेपर मोजतच जगतात.

शिवाय मोजायचं तर नीट मोजा ना. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेली तुरीची बीडीएन 711 जात घ्या, किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती ज्वारी. एक जात काढायला कितीतरी वर्षं जातात, पेपरच्या आकड्यात ते जवळजवळ दिसतच नाही, पण आपल्या शेतात दिसतं.

जे वर्गावर पण जात नाहीत त्यांची बाजू मी घेत नाही, त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण बाकीच्यांसाठी आधी रिकाम्या जागा भरा, ज्याला खरंच संशोधन करायचंय त्याला तीन वर्षं 16 चे 8 तास करून द्या, थोडा निधी द्या, आणि ज्याला फक्त चांगलं शिकवायचंय त्याचं प्रमोशन शिकवण्यावरच करा. मग विचारा पेपर किती झाले.