जुन्या गाडीला 'चालतं' म्हणणाऱ्यांसाठी

आज नाना पेठेत एका काउंटरवर उभा होतो. आमच्या १९६८च्या फियाटचा मागचा व्हील सिलिंडर हवा होता. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावतो तो. पोऱ्याने आतून एक डबा आणून दिला. वर जुन्या नामवंत कंपनीचं नाव, पण छपाई इतकी ताजी की शाईचा वास येत होता. मी रबरी टोपण सारून पिस्टन बाहेर काढला आणि आतल्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, नख फिरवलं. टूलच्या रेघा नखाला अडकत होत्या. म्हटलं, शेठ, या बोअरमध्ये कप टिकणार नाही, कापला जाईल. (कप म्हणजे ऑइल अडवून धरणारं रबरी सील.) तर म्हणतो, "घ्या हो साहेब, जुन्या गाडीला चालतंय. तुम्ही कुठे रोज पळवणार आहात?"

तेव्हापासून डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

नाही चालत. रेडिओची नॉब दुसऱ्या गाडीची चालते, आरसा चालतो, दाराचं हँडल चालतं. ब्रेक नाही चालत. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही आणि ब्रेक ऑइलचं सर्किट चारही चाकांना मिळून एकच. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळायला लागला की उरलेली तीन चाकं कितीही धडधाकट असोत, पेडल खाली बसतं. हे काउंटरमागच्या माणसाला माहीत नाही असं कोणी मला सांगू नये. त्याचं आयुष्य या धंद्यात गेलंय.

काही वर्षांपूर्वी पाचगणीहून पसरणी घाटाने उतरत होतो. बाबा चालवत होते, आई मागे, मी शेजारी. वाईतली कौलं खाली दिसायला लागली आणि एका वळणावर बाबांचा पाय सरळ खाली गेला. त्यांनी दोनतीनदा पंप केलं. काही नाही. एक शब्द न बोलता त्यांनी स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा दुसऱ्यावर ओढला, इंजिन किंचाळलं, हॅण्डब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या अंगाला, गटाराच्या कडेला घासत नेऊन थांबवली. आईने विचारलं, "का हो थांबलात?" तिला कळलंही नव्हतं. बाबांनी उत्तर दिलं नाही, दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच. उतरून पाहिलं तर मागच्या चाकाची आतली बाजू ब्रेक ऑइलने ओलीचिंब.

ड्रम काढल्यावर सिलिंडरमधला कप हातात आला तो भिजत घातलेल्या वालासारखा फुगलेला आणि कड मऊ पडून उलटलेली. कप नवा होता. बिल घेऊन, कंपनीच्या डब्यात, पूर्ण पैसे मोजून आणलेला. ब्रेक ऑइलला टिकणारं रबर वेगळं असतं. कुठलंही काळं रबर साच्यात ओतलं की कप दिसायला तयार होतो, पण ऑइलमध्ये काही महिने बसला की त्याचं काय होतं ते आम्ही घाटात पाहिलं. आजचा डबा हुबेहूब तसाच होता. रंगसुद्धा तोच.

माझा लोकल मालावर राग नाही, हे नीट वाचा. लोकल असेल तर लोकल म्हणून द्या. मी तपासून घेईन, गरज असेल तर होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून घेईन, कप चांगल्या बनावटीचे वेगळे टाकीन. पण दुसऱ्याच्या नावाचा डबा छापून त्यात हे घालणं ही फसवणूक आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत त्याला मी फसवणुकीपेक्षाही वाईट शब्द वापरीन.

अस्सल माल का मिळत नाही, हेही मला कळतं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या बंद होऊन दोन दशकं उलटली. त्यानंतरही सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे. रोज शेकडो टॅक्सींना लायनर, किट, होज लागायचे, म्हणून कोणीतरी बनवत होतं, कोणीतरी ठेवत होतं. शेवटची पद्मिनी (याच फियाटचं पुढचं नाव) टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली, टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरमध्ये संपली. लोकांनी फोटो काढले, डोळे पुसले. मी तेव्हाच बाबांना म्हटलं होतं, आता आपले हाल. गिऱ्हाईक गेलं की माल जातो. मूठभर हौशी लोकांसाठी दुकानदाराने भांडवल अडकवून बसावं अशी अपेक्षा करता येत नाही, मान्य. मग "नाही" म्हणा ना! "नाही" म्हणायला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्या हौशी मंडळींनाही आज बोलणार आहे. रॅलीच्या दिवशी क्रोम चमकतं, रंगावर लाख लाख खर्च झालेले असतात, आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइल पाहिलं तर चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की ते पाणी बिडाच्या बोअरला खड्डे पाडतं. कोणी अभिमानाने सांगतो, माझ्याकडे तीस वर्षांपूर्वीचं सीलबंद किट आहे. अरे बाबा, रबर पाकिटातही म्हातारं होतं! सिलिंडर जपून ठेव, कप टाकून दे. २०२१ला केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' नंबरची सोय केली, नव्या नोंदणीला वीस हजार भरा. उत्तम. पाटी मिळाली, मान मिळाला. त्या पाटीमागची गाडी थांबणार कशावर?

घाटानंतर बाबांनी गळका सिलिंडर रुमालात गुंडाळला आणि आम्ही कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात. लेथवरच्या मिस्त्रींनी तो उजेडाकडे धरला, करंगळी आत फिरवली, परत फिरवली. "आत खड्डं पडल्यात काका. पितळी स्लीव्ह, म्हंजी आतनं नवी नळी, घालूया. पर घाई करू नगा." बाबा म्हणाले, घाई नाही, माझी बायको मागे बसते. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण काम झाल्यावर पिस्टन बोअरमध्ये सोडून तो स्वतःच्या वजनाने कसा सावकाश खाली उतरतो ते त्यांनी बाबांना दाखवलं. दोघंही बराच वेळ तेच बघत होते. तो सिलिंडर आजही कोरडा आहे. त्यांनी कुठला डबा दिला नाही, वर्तमानपत्रात बांधून दिला.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. पण त्या दुकानात पुन्हा जाणार नाही.

काही मित्र म्हणतील, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून मोकळा हो. रोज चालवायची गाडी असेल तर त्यात तथ्य आहे, एवढं मी मानतो. माझ्या गाडीत करणार नाही.

आता कामाचं. ज्यांच्या माळ्यावर, गॅरेजच्या कोपऱ्यात फियाटचे जुने व्हील सिलिंडर पडले असतील, गळके, गंजलेले, पिस्टन अडकलेले, ते कृपा करून भंगारात किलोवर घालू नका. बॉडीला चीर नसेल आणि ब्लीडर निपलचे (ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीचे) आटे शाबूत असतील तर स्लीव्ह टाकून तो पुन्हा उभा राहतो. मला मागचा एक हवा आहे. फोटो टाकताना डब्याचा नको, बोअरचा टाका, आत टॉर्च मारून.