बदनाम एरियात स्वस्त फ्लॅट घ्या आणि भाडं खा म्हणे!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. नाशिकमध्ये कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या नादी लागू नका, जिथं लोक घाबरतात तिथं १८ लाखांचा फ्लॅट घ्या, ९ हजार भाडं म्हणजे सरळ ६ टक्के रिटर्न, अंबड-सातपूरच्या एमआयडीसीमुळे भाडेकरूंची लाईन, पोलिस व्हेरिफिकेशन केलं की टेन्शन संपलं, आणि कुंभानंतर भाव डबल. वाचायला भारी वाटतं राव.

आधी ते ६ टक्के बघू. बारा महिने भाडं येणार असं धरलंय, इथंच गडबड आहे. अशा ठिकाणी फॅमिली भाडेकरू आला तरी एक-दोन भानगडी बघून निघून जातो, मग नवीन शोधा. दोन महिने रिकामे धरले तर हातात ९० हजार. त्यातून एजंटचे ९, रंग-नळ-दरवाजाचे १५, सोसायटी मेंटेनन्सचे १२ आणि घरपट्टीचे ४ हजार वजा करा (हे आकडे मी अंदाजे धरलेत, तुमचे तुम्ही टाका). उरले ५० हजार, म्हणजे पावणेतीन टक्के. एवढं तर एफडी पण देते आणि ती रात्री बारा वाजता फोन करत नाही. शिवाय स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरलंच नाहीये अजून.

एमआयडीसीमुळे माणसं येतात हे खरंय. पण फ्लॅट दोघांना द्यायचा आणि राहणार सात जण, असं पण होतं. आणि ज्याला पगार बरा आहे तो हजार-दोन हजार जास्त देऊन पाथर्डी फाटा नाहीतर इंदिरानगरला जातो, बायको रात्री एकटी असते म्हणून. मग तुमच्याकडे उरतो कोण, तर ज्याला दुसरीकडे कोणी ठेवत नाही तो. म्हणजे सगळेच तसे नाहीत, पण निवड करायला तुमच्याकडे वाव कमी.

व्हेरिफिकेशनचं तर विचारूच नका. ते करायलाच पाहिजे, नाहीतर मालकावरच केस होऊ शकते. पण त्यात फार तर जुना रेकॉर्ड कळतो, त्याच्याकडे रात्री कोण येऊन बसतं ते नाही. खरं काम अ‍ॅग्रीमेंटचं आहे. नुसती नोटरी करून चालत नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध तुम्ही करायचं, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरता राहायला देण्याचा करार) रजिस्टर असेल तर मुदतीनंतर न हलणाऱ्याकडून कलम २४ खाली डबल भाडं मागता येतं. मागता येतं हां, वसूल होणं वेगळं.

कुंभ २०२७ मध्ये आहे, रस्ते होतील, पण भाविकांची गर्दी तुमच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरूच्या काय कामाची? २०१५ ला पण कुंभ झाला होता, म्हणून काय प्रत्येक गल्ली सुधारली?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची पटते, अख्खा एरिया वाईट नसतो. दोन गल्ल्या सोडून वातावरण पार बदलतं. म्हणून रविवारी सकाळी एजंटबरोबर बघून टोकन देऊ नका, रात्री साडेदहाला एकटे जा. पार्किंगमध्ये बाईक साखळीने खांबाला बांधलेल्या आहेत का, मीटर बॉक्सला जाळी ठोकलीय का, जिन्यातले बल्ब गायब आहेत का बघा. नाशिकमध्ये गाड्या जाळायचे, काचा फोडायचे प्रकार झालेत, तिथले लोक स्वतः काय काळजी घेतात त्यावरून लगेच कळतं. खालच्या किराणावाल्याला विचारा, एजंटपेक्षा तो खरं सांगेल.

आणि विकायची वेळ आली तर घेणार कोण? कागद गुंठेवारीचा (म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या जागेचा) किंवा वाढीव बांधकामाचा असेल तर बँक लोनला काचकूच करते, मग कॅशवालाच गिऱ्हाईक आणि तो भाव पाडूनच मागणार. टोकनच्या आधी सर्च रिपोर्ट (मालकी कोणाची, बोजा आहे का याची तपासणी) काढा आणि बँकेत विचारून या, लोन तुम्हाला नको असलं तरी.